सोलापुरातून अर्ध्या दिवसाची भटकंती: आधी परतायची वेळ ठरवा

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापुरात एका गारमेंट युनिटमध्ये हिशेब बघते. रविवार एवढीच सुट्टी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. घरी सासूबाई आहेत. आमच्याकडं एक स्कूटर आणि एक मोटारसायकल. पुण्याच्या मैत्रिणी दर पंधरा दिवसांनी कुठल्या तरी गडावर असतात, आपल्याकडं ना डोंगर ना जंगल. मुलांना घेऊन बाहेर पडायचं म्हटलं तर जायचं कुठं? आणि दर वेळी ठरवलेलं रद्द होतं, त्याचं काय करायचं?"

ताई, मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं मुलांना घेऊन सोलापूरच्या आसपास हिंडले. तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेते. जागा भरपूर आहेत, त्या पुढं सांगतेच. पण ठरलेलं मोडायची सवय गेली नाही तर त्या जागांचा काही उपयोग नाही.

आपण नेहमी निघायची वेळ ठरवतो. "सकाळी सहाला निघू." मग कुणाची आंघोळ राहते, डबा भरायचा राहतो, धाकटा उठत नाही, साडेसात वाजतात आणि कुणीतरी म्हणतं, आता काय जायचं, पुढच्या रविवारी बघू. मी परतायची वेळ आधी ठरवते. समजा, साडेनऊला घरात पाय. तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परग्याच्या तलावावरून घरी यायला अर्धा तास, म्हणजे नऊला तिथून उठायचं. तिथं दीड तास हवा, म्हणजे साडेसातला पोचायचं आणि सातला घर सोडायचं. आता सातचे पावणेआठ झाले तरी जायचंच. तिथं पाऊण तास मिळेल, पण नऊला उठायचं म्हणजे उठायचं. उशीर झाला की तलावावरचा वेळ घटेल, घरी यायची वेळ जागची हलणार नाही.

चार रविवार हे पाळून बघा. घरातल्या मोठ्यांची कुरकूर बाहेर जाण्याबद्दल फारशी नसते. कधी येणार याचा पत्ता नसतो, त्याची असते. साडेनऊ म्हटलं की साडेनऊ, हे एकदा सासूबाईंच्या लक्षात आलं की पाचव्या रविवारी त्याच तुम्हाला उठवतील. माझ्या सासूबाईंनी उठवलं होतं.

परतीची वेळ एवढी धरून बसायला दुसरं कारण आपलं ऊन. जानेवारीत सोलापुरात सातच्या सुमाराला सूर्य उगवतो, मेमध्ये पावणेसहाला. हिवाळ्यात अकरापर्यंत बाहेर राहिलात तरी चालेल. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत मात्र साडेआठनंतर मुलांना उघड्यावर ठेवायचं नाही. हे मी चूक करून शिकले. एका एप्रिलमध्ये सहावीच्या मुलांना माळावर नेलं होतं. साडेआठला परत फिरायचं ठरलं होतं, पण मुलं रमली आणि मीच म्हटलं, अजून थोडं. सव्वादहाला एक मुलगा गप्प झाला. बडबड्या मुलगा, अचानक गप्प. चेहरा लालबुंद, पाय लटपटायला लागले. सावली म्हणून एक बाभूळ तेवढी होती. तिच्याखाली त्याला आडवा केला, शर्ट सैल केला, मान आणि काखेत ओले रुमाल ठेवले, वहीनं वारा घातला आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. वीस मिनिटांनी तो पुन्हा बोलायला लागला. ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही. उन्हात मूल गप्प झालं की त्याला लगेच सावलीत न्या. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपायला लागली तर तोंडात पाणी घालू नका, अंग ओलं करत थेट दवाखाना गाठा. मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण लिहून ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

आता जागा. डोंगर नाहीत, हे खरं. पण आपल्याकडं माळ आहे, आणि "आपल्याकडं काहीच नाही" असं माळाकडं बघून कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी इथं १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक दिसेल या आशेनं मात्र जाऊ नका. तो आता इथं फार क्वचित दिसतो, आणि दिसला तरी त्याच्या मागं जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जा ते काळविटांसाठी. काळा-पांढरा नर गवतात उभा असतो, आजूबाजूला भुऱ्या माद्या, आणि एखादी दचकली की अख्खा कळप उड्या मारत सुटतो. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं आहे. थंडीत गवतावरून अगदी खालून, पंख वर धरून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसेल. तो भोवत्या. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो आणि रात्री गवतातच, जमिनीवर झोपतो. चंडोल तर पावलोपावली. नशीब असेल तर खोकड, म्हणजे छोटा कोल्हा दिसेल, शेपटीचं टोक काळं. अभयारण्यात शिरण्याआधी वन खात्याच्या चौकीवर विचारा, परवानगी घ्या, ते सांगतील त्याच वाटेनं चाला. बार्शीची एसटी नान्नजवरून जाते, त्यामुळं दुचाकीवर चौघं कोंबून नेण्याची गरज नाही.

माळावर मुलं सगळ्यात आधी कशाला वैतागतात ठाऊक आहे? कुसळांना. दिवाळीनंतर कुसळी गवत पिकतं आणि मोजे, सलवारी, लेंगे, सगळ्यांत कुसळं घुसतात. एका मुलीचं त्यावरून रडू सुरू झालं होतं. तिच्या मोज्यातून एक कुसळ अलगद उपसलं. खाली सुईसारखं टोकदार बी, त्यावर तपकिरी लव, आणि वर पीळ घातलेला लांब केसासारखा काटा. तिच्या तळहातावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि कुसळ त्यात ठेवलं. क्षणभर काही नाही. मग पीळ उलगडायला लागला आणि काटा तिच्या हातावर सावकाश गोल फिरला. ती रडायची थांबली आणि म्हणाली, "बाई, हे जिवंत आहे!" दव किंवा पाऊस लागला की पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. लव उलटी असते, म्हणून आत गेलेलं बी मागं सरत नाही. गवत स्वतःला पेरतं ते असं. त्या दिवशी पाच-सहा मुलांनी एकमेकांच्या मोज्यातली कुसळं वेचली आणि कुणाचं जास्त फिरतं याची शर्यत लावली. घरी जाताना एकही कुसळ फेकलं गेलं नाही. तुमच्या मुलीला हे करून दाखवा. परीक्षेच्या वहीत उतरवता येईल असं विज्ञान आहे, आणि खर्च एका मोज्याचा.

माळावर दोन गोष्टी जपायच्या. धनगरांचा कळप दिसला तर मेंढरांच्या मधून जाऊ नका. राखणीची कुत्री अंगावर येतात. आली तर पळायचं नाही, जागीच उभं राहून मेंढपाळाला हाक मारायची, तो आवरतो. दुसरी म्हणजे वीज. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग भरून येतात, आणि उघड्या माळावर आपणच सगळ्यात उंच असतो. एकट्या झाडाखाली थांबू नका. पहिला गडगडाट कानावर आला की गाडी किंवा पक्कं घर गाठा.

तुमची सुरुवात मात्र मी हिप्परग्यानं करून देईन. तुळजापूर रस्त्याला दहाएक किलोमीटरवरचा एकरूख तलाव, इंग्रजांच्या अमदानीत १८७१ साली पुरा झालेला. आपण सगळे तुळजापूरला जाताना त्याच्याकडं खिडकीतून बघतो आणि पुढं जातो. आता नोव्हेंबर सुरू आहे, म्हणजे तुम्ही नेमक्या वेळेला विचारलंत. पाहुणे पक्षी उतरायला लागलेत. मुलांना पहिल्या दिवशी दहा नावं सांगू नका, दोन पुरेत. एक वारकरी: काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. पंढरपूरच्या जिल्ह्यातलं मूल ते जन्मात विसरत नाही. दुसरा चक्रवाक, भगव्या-तांबूस अंगाचा, बहुतेक जोडीनं. पट्टकादंब दिसला तर मुलीला एवढंच सांगा की डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी हिमालय ओलांडून आलाय. दुर्बीण नसली तरी चालेल. पुढं वाटलं तर तीन घरांनी मिळून एक घ्या, ८ x ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. यापेक्षा जास्त ताकदीची घेतली तर मुलांच्या हातात चित्र थरथरतं. पाण्यात पाय घालू देऊ नका. काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत ओढतो. हाच नियम भीमा-सीनेच्या पात्रातही, तिथं वाळू उपसून झालेले खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

एवढंही जमणार नाही असा रविवार असतोच. त्या दिवशी गावातलं कंबर तलाव. सासूबाईंना सोबत घ्या, त्या बाकावर बसतील, मुलं कमळाच्या पानांवरून धावणारे पक्षी बघतील. तासाभरात घरी.

आणि कामाच्या दिवसांसाठी माझा आवडता उद्योग सांगते, तो सोलापूर सोडून दुसरीकडं कुठं करता येणार नाही. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, शिवाय अष्टविनायक आणि अष्टभैरव. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांना जातात, तेलाचा अभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण अडुसष्टच्या अडुसष्ट लिंगं स्वतःच्या पायांनी शोधलेला सोलापूरकर मला फार कमी भेटतो. आठवड्यातली एक संध्याकाळ ठेवा. कामावरून आल्यावर चहा घ्या आणि मुलांना घेऊन फक्त दोन लिंगं शोधा. कुठलं गल्लीच्या तोंडाशी, कुठलं घरांच्या दाटीत. मुलीला मोठा कागद द्या, मध्ये सिद्धेश्वर मंदिर आणि तळं काढू द्या, आणि सापडेल तसं एकेक लिंग तिच्या हातानं नकाशावर मांडू द्या. रस्ता विचारायचं काम तिचंच. एका मुलाला मी बघितलंय, पहिल्या दिवशी आईच्या पदराआडून बोलत होता, आणि विसाव्या लिंगापर्यंत पानाच्या टपरीवर जाऊन "काका, इथलं लिंग कुठं?" असं खणखणीत विचारत होता. आठवड्याला दोन धरली तर चौतीस आठवडे लागतात. तोवर तुमच्या घरात सोलापूरचा असा एक नकाशा तयार होईल जो बाजारात मिळत नाही. सासूबाईंना यातली कितीतरी ठिकाणं आधीच माहीत असतील, त्यांनाच विचारून सुरुवात करा.

चार-पाच महिन्यांनी हात बसला की अर्धा दिवस काढून हत्तरसंग कुडल. चाळीसएक किलोमीटर, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन जुनी मंदिरं, आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. पण मी मुलांना नेते ते संगमेश्वराच्या मंदिरातल्या शिलालेखासाठी. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. साल कोरलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांत तो मोजला जातो, आणि त्याचा आशय असा की जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भाषेत, आपल्याच जिल्ह्यातल्या दगडावर, पुढं येणाऱ्या वाचणाऱ्यासाठी हे कोरून ठेवलं. मुलांना आधी अर्थ सांगू नका. दगडासमोर बसवा, ओळखीचं एखादं अक्षर सापडतं का बघू द्या, हात मात्र लावायचा नाही. अर्थ शेवटी सांगा आणि त्यांचे चेहरे बघा.

माचणूर त्याच पद्धतीनं: भीमेकाठी सिद्धेश्वराचं मंदिर, शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला, आणि घाट इतका शांत की डबा तिथंच उघडावा. नळदुर्गाला पावसाळ्यात सगळं सोलापूर लोटतं. नर-मादी धबधबा सुरू झाला की रविवारी दुपारी तिथं मुलांना नेऊच नका. दसऱ्यानंतर गर्दी ओसरल्यावर, सकाळी दार उघडल्या उघडल्या जा, आणि बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला १६१३ सालचा पाणीमहाल निवांत बघा. शेवाळलेल्या दगडावर चढायचं नाही, एवढं सांभाळा.

उन्हाळ्यात काय, हा पुढचा प्रश्न तुम्हीच विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. गच्ची. सोलापुरात गच्चीवर झोपायची रीत घराघरात होती. पंखे, कुलर आले आणि ती गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, सतरंजी टाका, पहाटे अंगावर ओढायला चादर असू द्या. मेच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला उत्तरेकडं सप्तर्षी असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं नेला की नारिंगी स्वाती लागते, आणखी पुढं गेलं की पांढरी चित्रा. मग तोंड दक्षिणेकडं करा. क्षितिज मोकळं असेल, समोर उंच इमारत नसेल, तर अगदी खाली चार ताऱ्यांचा छोटा क्रूस उभा दिसेल. तो त्रिशंकू. दिल्लीकरांना तो जेमतेम क्षितिजाला टेकलेला दिसतो, आपण दक्षिणेला आहोत म्हणून आपल्याला बरा दिसतो. पाच वर्षांचा मुलगा चित्रापर्यंत पोचायच्या आत झोपेल, झोपू द्या.

आणि मार्गशीर्ष-पौषात हुरडा. पैसे भरून जायच्या हुरडा पार्ट्या मिळतात, त्या वाईट नाहीत. पण कुणा नातेवाइकाची ज्वारी असेल तर तिथंच जा, आणि फाट्यावर उतरून शेतापर्यंत चालत जा. आगटी पेटवताना मुलांना गोवऱ्या आणू द्या, भाजलेलं कणीस हातावर चोळताना तळवा भाजतो तो भाजू द्या. गूळ आणि शेंगा चटणी घरून न्या.

पिशवीबद्दल थोडंच. ती कायम भरलेली, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असावी. निम्मे बेत पिशवी भरण्यातच मोडतात. त्यात टॉर्च, पंचा, पट्टी आणि जंतुनाशक, मीठ-साखरेची पुडी, शिट्टी. सकाळी फक्त पाणी आणि खाणं घालायचं. पाणी माणशी किमान एक लिटर, उन्हाळ्यात दीड. खायला कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ-शेंगदाणे. हे सांडत नाही, उन्हात नासत नाही आणि उरलं तर संध्याकाळी चालतं. सगळ्यांच्या पायात बूट, चपला नाहीत. माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात, म्हणून दगड उचलायचा नाही आणि बिळात हात घालायचा नाही. चुकून साप चावलाच तर दोरी आवळू नका, कापू नका, मांत्रिक नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन लावा आणि सरकारी रुग्णालय गाठा, सापाच्या विषावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन तिथं मिळतं. तीस वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नाही, बूट आणि काठी या दोनच गोष्टींमुळं. निघताना कुठं चाललोय आणि किती वाजता येणार ते घरी सांगा. तुम्ही एकट्याच मुलांना घेऊन जाणार असाल तर शेजारचं आणखी एक घर सोबत घ्या. दोन बायका आणि चार मुलं असली की भीती निम्मी होते आणि मुलं दुप्पट चालतात.

तर येत्या रविवारी हिप्परगा. शनिवारी रात्री शेंगा चटणी डब्यात, बूट दाराशी. आता साडेसहाला उजाडतं, सातला निघा, नऊला उठा. मुलाबद्दल एक सांगायचं राहिलं. पाच वर्षांचं मूल काठाकाठानं अर्धा किलोमीटर आनंदानं चालतं, मग दगड वेचायला बसतं. त्याला पुढं ओढू नका, तिथंच तुम्हीही बसा. मुलीला पुढचं बघायचं असेल तर तिनं बाबांबरोबर जावं. आणि त्यानं वेचलेले दगड घरी आणायचे म्हणाला तर तीनच आणायचे असं आधी ठरवून टाका, म्हणजे कुठले तीन हे ठरवण्यात त्याचा वेळ मजेत जातो आणि स्कूटरची डिकी रिकामी राहते.